अधांतरी काकाजी

यंत्रांवर इतका विश्वास ठेवलेला आणि यंत्रांनी इतक्या वेळा तोंडघशी पाडलेला माणूस माझ्या बायकोच्या काकांखेरीज साऱ्या विदर्भात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. रामदासपेठेतल्या त्यांच्या गल्लीत दवाखाने फार, त्यामुळे गल्लीतले डॉक्टर, डॉक्टरांचे पेशंट आणि पेशंटना संत्री विकणारा गाडीवाला, सगळेच त्यांना काकाजी म्हणत. वीज खात्याच्या वर्कशॉपात फोरमन म्हणून ते रिटायर झाले होते, पण हे फक्त खात्याला माहीत होतं, काकाजींना कोणी तसं स्पष्ट सांगितलेलं दिसत नव्हतं. सकाळी आंघोळ करून, खाकी शर्ट घालून, खिशाला पाना लावून ते घरातल्या घरात कामावर हजर होत. त्यांच्यासमोर ‘भंगार’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा मी त्यांच्या अंगणातल्या एका गंजलेल्या मोटारीला भंगार म्हणालो, तर त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, “जावईबापू, असं त्यांच्यासमोर बोलू नये. थकले आहेत ते.”

यंत्रांना ते अहो-जाहो करीत. शिलाईमशीन अडलं की “काय झालं तुम्हाले?” असं विचारून मगच त्याला तेल घालीत. याचं काकूंना फार वाईट वाटे. “मशीनले अहो म्हणते अन् मले अवं,” असं त्या माझ्या बायकोजवळ म्हणायच्या. जावई म्हणून माझा पहिला उन्हाळा होता तेव्हा काकाजींनी कुठल्याशा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटार बसवून एक कूलर तयार केला होता. नागपूरच्या मे महिन्यात पाहुण्याचा याहून मोठा सत्कार नाही. मला समोर बसवून बटण दाबण्यात आलं. कूलर गरजला, थरथरला आणि जागेवरून निघाला. माझ्या पायांवर पाणी उडवत तो खोली ओलांडून दरवाज्यापर्यंत गेला आणि वायर ताणली जाऊन तिथे थांबला. काकाजी शांतपणे म्हणाले, “एका जागी बसून कंटाळले असतील.” पुढे सबंध उन्हाळा तो कूलर खिडकीच्या गजांना साखळीने बांधलेला असे, आणि हवा मात्र खरोखर गार देई.

एवढ्या कामसू माणसाचं घर मात्र अर्धंच रंगवलेलं होतं. घर दुमजली, वर गच्ची. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत पिवळा रंग आणि त्याच्या वर पावसाने काळी पडलेली, शेवाळ धरलेली भिंत. लोक पत्ता सांगताना ‘त्या अर्ध्या पिवळ्या घराच्या बाजूला’ असं सांगत. नवख्या माणसाला वाटे, रंग कमी पडला असेल किंवा काकाजींचं डोकं मध्येच दुसरीकडे गेलं असेल. गल्लीला खरं कारण माहीत होतं, म्हणून गल्लीत कोणी विचारत नसे.

काही वर्षांपूर्वी ते घर दौलत पेंटर रंगवीत होता. दौलत काकाजींहून वयाने बराच लहान, बारीक, बोलायला मोकळा आणि उंचावर काम करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही अशी त्याची कीर्ती. लाकडी बल्ल्या दोरीने बांधून परांची केली होती, तिच्यावर उभा राहून तो वरून खाली येत नसे, तर खालून वर जाई. त्याचं म्हणणं, वर गेल्यावर खालचं काम दिसलं पाहिजे. काकाजी अंगणात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी वर बघून म्हटलं, “दौलत, तो छज्ज्याखालचा कोपरा राहून राहिला गा.” दौलत तिकडे वळला, दोरी तुटली आणि बल्ल्यांसकट तो खाली आला. जीव वाचला. पाय मात्र मांडीपासून असा मोडला की सहा महिने दवाखान्यात गेले आणि पाय बरा झाला तेव्हा तो दुसऱ्या पायापेक्षा आखूड होता. काकाजी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसत. दौलत म्हणे, “काकाजी, तुमचा काय दोष? दोरी जुनी होती.” काकाजी म्हणत, “जुनी होती, हे मी पाहाले पाहिजे होतं.” यापलीकडे दोघांचं त्यावर बोलणं कधी झालं नाही. दौलतने उंचीची कामं सोडली आणि गांधीबागेत कापडाच्या दुकानांच्या पाट्या रंगवायला बसला. आणि काकाजींनी घरात जाहीर केलं की आपल्या भिंतीवर पुन्हा कोणी बल्लीवर चढणार नाही. रंग नाही लागला तर नाही लागला.

असं ते घर अर्धं पिवळं राहिलं आणि कदाचित तसंच राहिलं असतं, पण शोभाचं लग्न ठरलं. शोभा काकाजींची एकुलती एक. मुलगा नरखेडकडचा, घरी संत्र्याची बाग, मुलाचे वडील कमी बोलणारे, पांढऱ्या टोपीतले सज्जन गृहस्थ. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी काकाजींच्या पुढ्यात जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हटलं, “पोरीच्या लग्नात तरी घराले रंग लागन का?”

“लागन,” काकाजी म्हणाले आणि जेवून बाहेर पडले.

ते तिसऱ्या दिवशी परतले, एका ट्रकला दुसरा ट्रक बांधून. मागच्या ट्रकच्या पाठीवर एक लोखंडी हात दुमडून ठेवलेला होता, मधे कोपर, आणि हाताच्या टोकाला कठड्याचा एक पिंजरा, त्यात दोन माणसं उभी राहू शकतील. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला असे ट्रक त्या सुमारास कुठे कुठे दिसू लागले होते. बटण दाबलं की हात उलगडतो आणि पिंजऱ्यातला माणूस दिव्यापाशी पोचतो. हा ट्रक दिव्यांपाशी पोचायचा थांबला होता, म्हणून लिलावात निघाला होता. काकूंनी दारातून बघितलं. “मी रंग म्हटला होता,” त्या म्हणाल्या. काकाजी म्हणाले, “हेच रंग लावतीन.” त्या ट्रकलाही अहो-जाहो लागू झालेलं पाहून काकू आत गेल्या.

मग दोन महिने काकाजी ट्रकखाली राहायला गेले. जेवणाचं ताट खाली सरकवावं लागे आणि रिकामं ताट तेवढं बाहेर येई. शेवटी दिवाळीनंतर एका सकाळी इंजिन सुरू झालं, लोखंडी हात कण्हत उलगडला आणि काकाजी पिंजऱ्यात उभे राहून गल्लीच्या वर निघाले. पिंजऱ्याला त्यांनी ‘पाळणा’ असं नाव दिलं होतं. शेजारचे डॉक्टर वरच्या मजल्यावर खिडकीपाशी दाढी करीत होते. खिडकीबाहेरून “नमस्कार डॉक्टरसाहेब, तुमच्या नळाचा वॉशर गेला, थेंब गळून राहिला,” असा आवाज आला तेव्हा डॉक्टरांनी आपली हनुवटी कापून घेतली. पण नळाचा वॉशर गेलेलाच होता, असं त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं.

पाळणा तयार झाला, पण रंगवणार कोण? शहरात पेंटर पुष्कळ होते. काकाजींना एकच माहीत होता. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते गांधीबागेत आले. दौलत एका दुकानासमोर स्टुलावर बसून जमिनीला टेकवलेल्या पाटीवर ‘वस्त्र भांडार’ रंगवीत होता. ‘भां’वरचा अनुस्वार पुरा होईपर्यंत काकाजी बाजूला उभे राहिले. मग सगळं सांगितलं.

दौलत ब्रश पुसत म्हणाला, “काकाजी, मी आता जमिनीवरचा माणूस आहे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर मले घाम फुटते.”

“तुले चढायचं नाही गा. तू नुसता उभा राहा. वर नेल्या जाईन.”

“अन् खाली?”

“खाली आणल्या जाईन.”

दौलत बराच वेळ ब्रश पुसत राहिला. “आधी तुम्ही जाऊन दाखवा,” तो म्हणाला. “मी रविवारी येतो. खाली बसून पाहतो. मग बोलू.”

त्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. दौलत अंगणातल्या विटांच्या ढिगावर येऊन बसला होता, आखूड पाय लांब करून. काकाजी इस्त्रीचा खाकी शर्ट घालून पाळण्यात शिरले. इंजिन सुरू झालं. हात उलगडत गेला, पहिला मजला, दुसरा मजला, गच्चीचा कठडा आणि त्याच्याही वर. तिथे पाळणा थांबला. काकाजींनी आम्हाला हात हलवून दाखवला. आणि तेवढ्यात इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं.

पहिली पाच मिनिटं काकाजी “थांबा, थांबा” म्हणत पाळण्यातले दांडे ओढत होते. मी खाली इंजिन सुरू करून पाहिलं. ते सुरू होण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. अशा वेळी हात खाली घ्यायला ट्रकवर एक चक्री असते, ती काकाजींनी वरून सांगितलं तसं फिरवायला गेलो तर ती जागची हलेना. गल्लीतले लोक जमू लागले. डॉक्टर हनुवटीवर पट्टी लावून गॅलरीत आले. “अग्निशमनवाल्यांना फोन करतो,” ते म्हणाले, “त्यांच्याकडे मोठी शिडी असते.”

“नको!” काकाजी वरून ओरडले. त्यांचा इतका मोठा आवाज मी आधी ऐकला नव्हता. “कोणी बोलावू नका! मी उतरीन तर यांच्यातूनच उतरीन.”

मला वाटलं, हा यंत्राचा मान राखण्याचाच प्रकार. म्हणून मी वर ओरडलो, “काकाजी, हट्ट सोडा.” ते नुसते विटांच्या ढिगाकडे बघत राहिले. दौलत मान वर करून बसला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ‘खाली आणल्या जाईन’ हा शब्द त्यांनी दौलतला दिला होता.

याच सुमारास फाटकातून पांढरी टोपी आत आली. शोभाचे होणारे सासरे संध्याकाळी यायचे होते, पण लवकरची एसटी मिळाली म्हणून दुपारच्या आधीच संत्र्यांची करंडी घेऊन हजर झाले. त्यांनी करंडी खाली ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि विचारलं, “व्याही कुठी आहेत?”

मग वरून आवाज आला, “राम राम! या, बसा. मी येऊनच राहिलो.”

व्याह्यांनी वर पाहिलं. टोपी सावरली. “राम राम,” ते म्हणाले आणि काकूंनी टाकलेल्या बाजेवर बसले. पाणी प्यायले, थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “रोजच असते का?” मी म्हटलं, “आज पहिल्यांदाच.” त्यांनी मान डोलावली. शहरातल्या माणसांच्या रीतींबद्दल फार चौकशी करू नये असं त्यांनी ठरवलं असावं.

लग्नाची बोलणी त्याच दिवशी व्हायची होती, आणि ती झाली. व्याही बाजेवरून विचारीत, काकाजी आकाशातून उत्तर देत आणि मधल्या मजल्यांवरची गल्ली ऐकत असे. लग्न सकाळचं की संध्याकाळचं, यावर डॉक्टरांनी संध्याकाळचं बरं असा सल्ला दिला, कारण सकाळी त्यांचा दवाखाना असतो. वडाभात करायचा की पुरणपोळी, यावर समोरच्या गॅलरीतून दोन तट पडले. व्याही म्हणाले, “खाली आल्यावर ठरवू.” काकाजी म्हणाले, “येऊनच राहिलो.”

आणि ते खरोखरच येत होते. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या यंत्राचा हात तेलाच्या दाबावर वर राहतो, आणि तेल कुठूनतरी झिरपत होतं. ट्रकखाली बशीएवढा डाग पडला होता, त्याचं ताट झालं. पाळणा मुंगीच्या पावलांनी खाली येत होता. बघत राहिलं तर हलताना दिसत नसे, चहा पिऊन परत पाहिलं तर खाली आलेला असे. जेवणं झाली तोवर तो गच्चीच्या कठड्याच्या उंचीवर आला. मग ऊन कलायला लागलं तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर आला. पण हात घराच्या भिंतीपासून जरा दूर थांबलेला, त्यामुळे कठडा ओलांडून येण्याजोगं अंतर नव्हतं. काकू तिथे ताट घेऊन उभ्या राहिल्या. मी मदतीला होतो. वाढायच्या लांब पळीला पोळीचा गुंडाळा बांधून आम्ही तो काकाजींपर्यंत पोचवला.

काकू म्हणाल्या, “अहो, त्या शिडीवाल्यांले बोलावू द्या ना. काहून जीव टांगून घेतला?”

काकाजींनी पोळीचा घास घेतला. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते. “अवं,” ते म्हणाले, “तो पडला तेव्हा मी खाली होतो. चहा पिऊन राहिलो होतो.”

काकूंना पळीने पाण्याचा तांब्या पोचवता येईना, म्हणून संत्री आणायला आत गेल्या. सोललेल्या फोडी एकेक करून पळीवरून पाठवताना त्यांचे डोळे भरलेले होते, आणि पाळणा इतक्यात त्यांच्या कमरेपर्यंत खाली गेला होता, म्हणून शेवटच्या फोडी त्यांना वाकून द्याव्या लागल्या.

दौलत दिवसभर विटांवरून उठला नाही. काकूंनी दोनदा जेवायला बोलावलं, “काकाजींसोबत जेवीन,” म्हणाला. दिवेलागणीला पाळणा जमिनीपासून हातभर राहिला आणि मग टेकला, इतका हळू की टेकल्याचा आवाजही झाला नाही. काकाजींनी दाराची कडी काढली, पण दिवसभर उभं राहून त्यांचे गुडघे धरले होते. दौलत लंगडत पुढे गेला आणि त्यांना हात दिला.

“हे मशीन खराब आहे, काकाजी,” तो म्हणाला.

“आहे,” काकाजी म्हणाले.

“पण पाडत नाही.”

“नाही, पाडत नाही. उशीर करते.”

दौलत हसला. मग दोघं जाऊन जेवायला बसले. व्याहीही बसले आणि वडाभात करायचा असं तिथे ठरलं.

झिरपणारी जागा काकाजींनी आठवड्यात शोधून काढली आणि इंजिनाची समजूत घातली. पहिल्या दिवशी दौलत पाळण्यात उभा राहिला तेव्हा त्याने काकाजींचा खांदा असा धरला होता की शर्ट फाटला. डोळे मिटलेले. काकाजी त्याला बोलण्यात गुंतवून ठेवत होते, पहिल्या खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी ब्रश मागितला. घराला मोतिया रंग त्यानेच ठरवला. जुना पिवळाही झाकायचा असं त्याने सांगितलं, आणि तो छज्ज्याखालचा कोपरा आला तेव्हा काकाजी दांडा धरून दुसरीकडे बघत उभे होते. “झाला,” दौलत म्हणाला. “सरका आता.” लग्नाच्या दिवशी घर असं दिसत होतं की जुन्या पत्त्यावर विसंबून आलेले निम्मे पाहुणे पुढच्या चौकात जाऊन परत आले.

पुढे काही वर्षं त्या दोघांनी रामदासपेठेतली कितीतरी घरं रंगवली. दौलत रंगवी, काकाजी पाळणा चालवीत आणि घरमालकांना त्यांच्या नळांबद्दल व पंख्यांबद्दल वरून सल्ले देत. माझी बदली अमरावतीला झाली आणि जाणं कमी होत गेलं. मधल्या काळात ट्रक कायमचा बंद पडला. काकूंनी ‘भंगार’ हा शब्द वापरू दिला नाही, त्याही ‘थकले’ असंच म्हणाल्या. काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन होऊनही नीटसं दिसत नव्हतं.

शेवटचा मी त्यांना भेटलो तो हिवाळ्यातल्या एका सकाळी. अंगणात उन्हात खुर्ची टाकून ते भिंतीला टेकून बसले होते आणि बाजूला दौलत. तो रोज यायचा असं कळलं. काकाजी त्याला गल्लीतली घरं विचारीत होते.

“डॉक्टरच्या घराले कोणता रंग दिला म्हणते?”

“जांभळा.”

“जांभळा कसा?”

“वांग्यासारखा.”

“आपण दिला?”

“नाही, दुसऱ्यानं.”

“बरं झालं,” काकाजी म्हणाले. थोडा वेळ ते चेहऱ्यावर ऊन घेत राहिले. मग विचारलं, “अन् आपलं घर?”

मी वर पाहिलं. नागपूरच्या उन्हाने मोतिया रंगाचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. गॅलरीखाली पोपडे सुटले होते आणि पाण्याचे लांब ओघळ आले होते. दौलतनेही वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“जसंच्या तसं आहे, काकाजी,” तो म्हणाला. “काल लावल्यासारखं.”

काकाजींनी हात मागे नेऊन भिंतीवरून तळवा फिरवला. तळव्याला रंगाची पांढरी भुकटी लागली. ती त्यांनी बोटांनी चोळून पाहिली, धोतराला पुसली आणि मान हलवली.

“हो,” ते म्हणाले. “चांगला बसला रंग.”